रनिंग स्टार्ट घ्यावं की एपी? (हायस्कूलमध्येच कॉलेज क्रेडिट)

रिमझिम

मंडळी, आमची लेक आता दहावीत आहे (इकडची दहावी, बोर्डाची धास्ती नाही), सिएटलच्या ईस्टसाइडला पब्लिक स्कूल. पुढच्या वर्षीचे विषय भरायची वेळ आलीये आणि घरात दोन तट पडलेत. तिला रनिंग स्टार्ट करायचंय, म्हणजे अकरावी-बारावी हायस्कूलऐवजी कम्युनिटी कॉलेजात जाऊन तिथलेच क्लास घ्यायचे, ते दोन्हीकडे धरतात, ट्यूशन फुकट, आणि नीट जमवलं तर हायस्कूल डिप्लोमाबरोबर असोसिएट डिग्रीही (कॉलेजची दोन वर्षांची) हातात. नवऱ्याचं म्हणणं, असले उद्योग नकोत, चांगली कॉलेजं एपीच (ॲडव्हान्स्ड प्लेसमेंट, म्हणजे शाळेतच कॉलेजच्या पातळीचा विषय आणि शेवटी परीक्षा) बघतात, त्याला ऑफिसात कोणीतरी सांगितलंय. शाळेच्या कौन्सेलरला विचारलं तर तिने दोन माहितीपत्रकं हातात ठेवली आणि म्हणाली दोन्ही ग्रेट ऑप्शन आहेत. झालं समाधान!

मुलीचं अजून नक्की नाही, कधी कॉम्प्युटर सायन्स म्हणते, कधी बायो. यूडब्ल्यू (युनिव्हर्सिटी ऑफ वॉशिंग्टन) पहिली पसंती पण बाहेरही अप्लाय करणार. ज्यांची मुलं यातून गेलीयेत त्यांनी खरं काय ते सांगा. क्रेडिट खरंच पुढे लागतात का, पैसे वाचतात का, आणि सोळा वर्षांच्या पोरीला कॉलेजात झेपतं का?

बोथेलकर

आमचा थोरला यातून गेलाय, धाकटी आत्ता करतेय, त्यामुळे सविस्तर लिहितो, कंटाळा आला तर सोडून द्या.

रनिंग स्टार्ट हा वॉशिंग्टन राज्याचा कायदा आहे, १९९० चा. त्याआधी मिनेसोटाने १९८५ मध्ये असंच सुरू केलं होतं, ते पहिलं राज्य. आपल्याकडे कॉलेजचे ५ क्वार्टर क्रेडिट म्हणजे हायस्कूलचा १ पूर्ण क्रेडिट. म्हणजे हायस्कूलमध्ये जे इंग्लिश वर्षभर चालतं ते इथे एका क्वार्टरमध्ये, दहा-अकरा आठवड्यांत संपतं. यातच गोडी आहे आणि यातच ग्यानबाची मेख आहे. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात पहिली मिडटर्म येते, तोवर हायस्कूलवाली पोरं अजून सिलॅबस वाचत असतात. थोरल्याच्या पहिल्या इंग्लिशच्या क्लासात एक चाळिशीतला इलेक्ट्रिशियन होता, रात्रपाळी करून यायचा, पहिल्या बाकावर बसायचा आणि प्रत्येक ड्राफ्ट वेळेत द्यायचा. आमचे चिरंजीव हायस्कूलच्या सवयीने 'उद्या दिला तर चालेल ना' म्हणून गेले, तर प्रोफेसरने शांतपणे सिलॅबसमधली ओळ दाखवली, लेट वर्क नॉट ॲक्सेप्टेड. त्यानंतर पठ्ठ्या सुधारला.

पैशाचं म्हणाल तर ट्यूशन नाही पण पुस्तकं, काही फी आणि जाणं-येणं आपलं. पिवळी बस कॉलेजला जात नाही. दर क्वार्टरला व्हेरिफिकेशन फॉर्म लागतो, त्यावर हायस्कूलच्या कौन्सेलरची सही, आणि हायस्कूलमध्येही दोन-तीन क्लास ठेवले असतील तर कॉलेजचे किती क्रेडिट फुकट बसतात तेही त्या फॉर्मवर येतं. त्यावरच्या क्रेडिटचे पैसे आपल्याला बसतात, तेव्हा सही झाल्यावर तो फॉर्म एकदा स्वतः वाचा.

असोसिएट डिग्रीचं गणित बघा. लागतात ९० क्रेडिट, दोन वर्षांत क्वार्टर सहा (समर सोडून), म्हणजे प्रत्येक वेळी पूर्ण १५. एक क्लास ड्रॉप केला की डिग्री हुकली किंवा समर गेला. डिग्रीसाठी जीव काढू नका, क्रेडिट तसेही मिळतातच.

गुंड्या

मला एक कळत नाही, एवढी घाई कशाला? होमकमिंग, प्रॉम, बँड, मित्र, हे सगळं सोडून सोळाव्या वर्षी कॉलेजच्या पार्किंगमध्ये डबा खायचा. आपण इंडियातून आलो म्हणून सगळ्यात पुढे पळायलाच पाहिजे का?

बोथेलकर

गुंड्याभाऊ, मुद्दा आहे तुमचा. पण रनिंग स्टार्टवाली मुलं हायस्कूलचीच विद्यार्थी राहतात, स्पोर्ट्स, बँड, डान्स सगळं करता येतं. वेळ जुळत नाही हा खरा त्रास, बँडची प्रॅक्टिस दुपारी दोनला आणि कॉलेजची लॅब एक ते चार. आणि कॉलेजची स्प्रिंग ब्रेक आणि शाळेची स्प्रिंग ब्रेक कधी एकत्र येत नाही, इंडिया ट्रिपची तिकिटं काढताना समजतं.

तात्या_डॅलस

आमच्या टेक्ससात याला ड्युअल क्रेडिट म्हणतात आणि बहुतेक ठिकाणी हायस्कूलच्याच वर्गात बसून होतं, शिकवायला कधी कॉलेजचा माणूस येतो तर कधी शाळेचाच मास्तर. क्लासचे नंबर राज्यभर एकसारखे, इंग्लिश १३०१, हिस्टरी १३०१, गव्हर्नमेंट २३०५. ४२ क्रेडिट-तासांचा कोअर (सगळ्यांना सक्तीचे मूळ विषय) असतो, तो कम्युनिटी कॉलेजात पूर्ण केलात तर राज्यातल्या कुठल्याही सरकारी युनिव्हर्सिटीला मान्य करावाच लागतो. एपीचंही तसंच, २०१५ च्या कायद्यापासून सरकारी युनिव्हर्सिटीत साधारणपणे ५ पैकी ३ स्कोअर आला की क्रेडिट मिळतं.

पण एक गोम आहे आणि ती कोणी सांगत नाही. यूटी ऑस्टिनचा (युनिव्हर्सिटी ऑफ टेक्सस) ऑटोमॅटिक ॲडमिशन क्लास रँकवर (शाळेतल्या बॅचमधला क्रमांक), २०२६ च्या बॅचपासून टॉप ५ टक्के झालाय, आधी ६ होता. आणि रँक काढताना बऱ्याच स्कूल डिस्ट्रिक्टमध्ये एपीला वेट जास्त आणि ड्युअल क्रेडिटला कमी. त्यामुळे शेजारच्या मुलीने ड्युअल क्रेडिटमध्ये सगळे ए काढून रँक घसरला आणि आईबाप कपाळाला हात लावून बसले. आपल्या डिस्ट्रिक्टचं वेटिंग काय ते आधी बघा, मग बाकी सगळं.

अजून एक, यूटीत एपीचं क्रेडिट आपोआप लागत नाही, स्वतः क्लेम करावं लागतं. आणि हे उलट चांगलंय. मुलाने कॅल्क्युलसचं क्रेडिट लगेच क्लेम केलं नाही, ॲडव्हायजरला भेटला, मेजरला (डिग्रीचा मुख्य विषय) काय लागतं ते बघितलं आणि मग ठरवलं.

निनाद_एनजे

रिमझिम, बाहेर अप्लाय करणार असाल तर माझं ऐका. क्रेडिट देणारं कॉलेज कोणतं याने फारसा फरक पडत नाही, घेणारं कोणतं ते महत्त्वाचं. आमच्या मुलीने एपीचे ढीगभर पेपर दिले, प्रत्येकी शंभर डॉलरच्या आसपास फी, मे महिन्यात घरात कर्फ्यू, आणि गेली ती अशा प्रायव्हेट कॉलेजात जिथे त्यातल्या बहुतेकांचं क्रेडिट शून्य, फक्त मॅथमध्ये वरच्या क्लासला बसू दिलं. वेबसाइटवर स्पष्ट लिहिलेलं होतं, लपवलेलं काही नाही.

डार्टमथने २०१८ ला ग्रॅज्युएट होणाऱ्या बॅचपासून एपीवर क्रेडिट देणं बंदच केलं, कॅलटेक देत नाही. बरीच प्रायव्हेट कॉलेजं तर असंही म्हणतात की जो कॉलेजचा क्लास हायस्कूल डिप्लोमासाठी वापरला त्याचं क्रेडिट परत आमच्याकडे नाही. रनिंग स्टार्टची गंमतच ही की तिथले क्लास दोन्हीकडे वापरले जातात, त्यामुळे अशा ठिकाणी ९० चे थेट शून्यही होऊ शकतात. ॲडमिशनला मात्र उपयोग होतो, पोरीने झेपेल तेवढा कठीण अभ्यास घेतला हे दिसतं. तुमच्या ह्यांचं 'चांगली कॉलेजं एपीच बघतात' हे अर्धंच खरं आहे, शाळेत जे उपलब्ध आहे त्यातलं काय घेतलं हे बघतात.

सायली_बे

कॅलिफोर्नियातून लिहितेय. इथे कम्युनिटी कॉलेजची फी युनिटला ४६ डॉलर आहे पण हायस्कूलच्या मुलांना सहसा माफ असते. आणि यूसीच्या (युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया) हिशोबात कॉलेजचा एका सेमिस्टरचा क्लास म्हणजे हायस्कूलचं एक वर्ष, शिवाय जीपीएला (ग्रेडची सरासरी) एपीसारखाच एक जादा पॉइंट. म्हणून आमच्याकडे मुलं समरला स्पॅनिश नाहीतर इकॉनॉमिक्स उरकून टाकतात. कुठला क्लास कुठल्या यूसीत कशाच्या बदल्यात चालतो ते असिस्टच्या साइटवर बघायचं. फक्त हायस्कूलवाल्यांचं रजिस्ट्रेशन सगळ्यात शेवटी उघडतं, तोवर बाकीच्यांनी सीटा भरलेल्या असतात. वेटलिस्टवर नाव घालून पहिल्या दिवशी वर्गात जाऊन उभं राहायचं, प्रोफेसरला दया आली तर ॲड कोड मिळतो.

आणि कितीही युनिट झाले तरी हायस्कूल संपायच्या आधी घेतलेले असतील तर ॲप्लिकेशन फ्रेशमन (पहिल्या वर्षाचा नवा विद्यार्थी) म्हणूनच जातं, ट्रान्सफर म्हणून नाही. यावरून व्हॉट्सॲपवर फार अफवा पसरतात.

बोथेलकर

सायली +१. यूडब्ल्यूलाही तसंच, रनिंग स्टार्टचे कितीही क्रेडिट असोत, फ्रेशमन म्हणूनच अर्ज.

स्टेथोस्कोप

बायो म्हणतेय म्हणून लिहिते, कारण पुढेमागे त्याचं प्रीमेड (मेडिकलची पूर्वतयारी) होतं. मेडिकलचा अर्ज सहसा एएमकॅस या सामाईक अर्जातून जातो आणि तिथे आजवर जिथे जिथे कॉलेजचा क्लास घेतला त्या प्रत्येक कॉलेजची ट्रान्स्क्रिप्ट द्यावी लागते, हायस्कूलमध्ये असताना घेतलेल्या क्लासचीसुद्धा. ते ग्रेड जीपीएत धरतात. म्हणजे सोळाव्या वर्षी झोप अनावर होऊन केमिस्ट्रीत मिळालेला सी तेविसाव्या वर्षी समोर येऊन उभा राहतो. एपीचं तसं नाही, परीक्षेत २ आला तर तो स्कोअर कोणाला पाठवायचाच नाही, विषय संपला.

शिवाय बऱ्याच मेडिकल स्कूलांना बायो-केमिस्ट्रीचं एपी क्रेडिट चालत नाही, किंवा चालतं पण त्याच विषयाचा वरचा क्लास मागतात. त्यामुळे प्रीमेडची शक्यता असेल तर कम्युनिटी कॉलेजात इंग्लिश, हिस्टरी, सायकॉलॉजी असलं घ्या, आणि लॅबवाला सायन्स युनिव्हर्सिटीसाठी ठेवा. हे माझं मत, सगळ्यांना पटेलच असं नाही.

तात्या_डॅलस

डॉक्टरीणबाई बरोबर बोलल्या. यात अजून एक घाला, फायनान्शियल एड लागणार असेल तर हेच कॉलेजचे ग्रेड आणि सोडलेले क्लास पुढे सॅटिस्फॅक्टरी अकॅडेमिक प्रोग्रेसमध्ये (एड टिकायला लागणारी प्रगतीची अट) धरले जाऊ शकतात. म्हणून ड्रॉपची पहिली तारीख, जिच्या आत सोडलं तर ट्रान्स्क्रिप्टवर डब्ल्यूसुद्धा (विथड्रॉ, म्हणजे क्लास सोडल्याची खूण) येत नाही, ती फ्रिजवर लावा.

रिमझिम

अरे बापरे, किती माहिती! कौन्सेलरने यातलं अर्धंही सांगितलं नव्हतं. नवऱ्याला सगळा धागा वाचायला लावला, आता तो म्हणतोय की त्याच्या ऑफिसातल्या माणसाचा मुलगा प्रायव्हेटला गेला होता, म्हणून तो तसं बोलला असेल.

दोन शंका. एक, यूडब्ल्यूला कॉम्प्युटर सायन्सला गेली तर ९० क्रेडिट घेऊन दोन वर्षांत डिग्री होते का खरंच? दुसरी, मध्ये काही गडबड झाली तर कॉलेज आपल्याला कळवतं का?

बोथेलकर

दुसरीचं उत्तर आधी देतो, कारण ते छोटं आहे. नाही कळवत. कॉलेजात नाव घातलं की फर्पा कायद्याने कॉलेजच्या रेकॉर्डचे हक्क मुलाचे होतात, मग तो सोळा वर्षांचा का असेना. थोरल्याच्या वेळी मी फोन केला, फी भरायची तारीख विचारायला, तर बाई गोड आवाजात म्हणाल्या, 'तुमचा मुलगा आमचा विद्यार्थी आहे की नाही हेही मी सांगू शकत नाही.' मुलाने रिलीज फॉर्म भरला तरच बोलतात. शाळेसारखं पेरेंट पोर्टल उघडून रोज ग्रेड बघायची सवय असेल तर आत्ताच सोडा. बायकोला हे सगळ्यात जड गेलं (आणि मलाही, पण मी बोललो नाही).

आता पहिली. सायन्स-इंजिनिअरिंगला दोन वर्षांत होणं अवघड. का, तर क्लास एकापाठोपाठ एक असतात, याच्याशिवाय तो नाही, त्याच्याशिवाय पुढचा नाही. कम्युनिटी कॉलेजात सायकॉलॉजी, फिल्म स्टडीज, पब्लिक स्पीकिंग घेऊन ९० भरले तर जनरल एज्युकेशन निकालात निघतं, पण मेजरची साखळी पहिल्या कडीपासूनच सुरू होते. थोरला इंजिनिअरिंगला आहे, त्याची डिग्री लवकर होत नाहीये, पण दर क्वार्टरला हलका लोड घेतो, रिसर्चला वेळ मिळाला, आणि क्रेडिट जास्त असल्यामुळे रजिस्ट्रेशन आधी उघडतं. इकॉनॉमिक्स, इंग्लिश, पॉलिटिकल सायन्स असलं काही असतं तर वर्ष-दीड वर्ष नक्की वाचलं असतं. यूडब्ल्यूची राज्यातल्यांसाठी ट्यूशन वर्षाला सुमारे १३,००० डॉलर आहे, वर राहणं-खाणं वेगळं, म्हणजे वाचलेलं वर्ष काही कमी नाही.

कॅल्क्युलस पूर्ण सिक्वेन्स आणि प्रोग्रामिंगचे पहिले क्लास घेतलेत तर मात्र साखळी खरंच पुढे सरकते. म्हणून क्रेडिट मोजू नका, कोणते आहेत ते बघा. यूडब्ल्यूच्या साइटवर इक्विव्हॅलन्सी गाइड आहे, वॉशिंग्टनच्या कम्युनिटी कॉलेजांचा प्रत्येक क्लास तिथे कशाला लागतो ते दिसतं. त्यात नुसतं 'एक्सएक्स' असं आलं तर समजायचं की क्रेडिट मिळेल पण ठरावीक क्लासच्या बदल्यात नाही. आणि प्रत्येक क्लासचा सिलॅबस पीडीएफ करून ठेवा. क्वार्टर संपल्यावर कॅनव्हासचा (कॉलेजचं ऑनलाइन वर्गाचं पोर्टल) ॲक्सेस जातो, आणि बाहेरच्या राज्यातली युनिव्हर्सिटी सिलॅबस दाखवा म्हणाली की प्रोफेसरला ईमेल करत बसावं लागतं.

अनघा_पुणे

बाहेरून वाचतेय, अवांतर असेल तर माफ करा. आमचा मुलगा पुण्यात सीबीएसईला अकरावीत आहे, पुढे यूएसचा विचार आहे. इथून असलं काही करता येतं का? आपल्याकडे अकरावी आणि जेईईचा क्लास यातून डोकं वर काढायलाच मिळत नाही म्हणा.

निनाद_एनजे

एपीच्या परीक्षा भारतातही होतात, ठरावीक सेंटरवर, वर्गात तो विषय शिकलेला असलाच पाहिजे असं नाही. पण नाव आदल्या फॉलमध्येच (सप्टेंबर-नोव्हेंबर) नोंदवावं लागतं, परीक्षा मे मध्ये. सीबीएसईचं फिजिक्स आणि गणित झालेल्या मुलाला कॅल्क्युलस बीसी आणि फिजिक्स सी फार जड जाऊ नये, पेपरची पद्धत वेगळी आहे तेवढी सवय करावी लागते. आयबीच्या हायर लेव्हलला आणि ए लेव्हललाही इकडची बरीच कॉलेजं क्रेडिट देतात, बारावी बोर्डाला क्वचित. आणि यूएसचं नक्की नसेल तर आयआयटी मद्रासच्या ऑनलाइन बीएसकडे बघा, अकरावी झाली की क्वालिफायरला बसता येतं, पास झालात तर प्रवेश बारावीनंतर. ते कॉलेज क्रेडिट नव्हे, पण बारावीच्या आधी कॉलेजचा अभ्यास कसा असतो ते कळतं.

अनघा_पुणे

धन्यवाद निनाद! फॉलमध्ये नोंदणी हे माहितीच नव्हतं, मी मार्चमध्ये बघणार होते.

हापूस

अवांतर पण उपयोगी: ज्यांची मुलं मंडळाच्या मराठी शाळेत जातात त्यांनी वर्ल्ड लँग्वेज कॉम्पिटन्सीची परीक्षा बघा. वॉशिंग्टनमध्ये बरीच डिस्ट्रिक्ट भाषेच्या परीक्षेवर हायस्कूलचे क्रेडिट देतात, चारपर्यंत, आणि मराठीतूनही देता येते. हे कॉलेज क्रेडिट नाही, गल्लत करू नका. पण फॉरेन लँग्वेजची अट निघाली की वेळापत्रकात दोन वर्षांची जागा मोकळी होते आणि तिथे कॉलेजचा क्लास बसतो. घरी बोलतो एवढ्यावर मात्र भागत नाही, वाचायला आणि लिहायलाही असतं. आमच्या मुलाला ऐकण्या-बोलण्यात वरची लेव्हल मिळाली आणि लेखनात जोडाक्षरांनी घाम काढला, आजीला व्हिडिओ कॉलवर बसवून तयारी करून घेतली शेवटी.

गुंड्या

हे मात्र आवडलं. हापूस, परीक्षेचं नाव-तारीख व्यनि करा ना.

स्टेथोस्कोप

क्लेप कोणी लिहिलं नाही म्हणून. कॉलेज बोर्डाचीच परीक्षा, वर्षभर कधीही देता येते, ९० मिनिटांच्या आसपास. मॉडर्न स्टेट्सच्या साइटवर फुकट कोर्स पूर्ण केला तर परीक्षेची फीही तेच देतात. सरकारी युनिव्हर्सिटीत बरीच चालते, नावाजलेल्या प्रायव्हेटमध्ये सहसा नाही. मिलिटरी फॅमिलीत जास्त प्रचलित आहे, आपल्या लोकांना माहितीच नसते.

रिमझिम

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री तिघं बसून यूडब्ल्यूचं गाइड उघडून बघितलं. ठरलंय ते असं: एपी कॅल्क्युलस आणि एपी केमिस्ट्री शाळेतच, कारण तिथला केमिस्ट्रीचा मास्तर चांगला आहे आणि तिच्या मैत्रिणीही त्यात आहेत. फॉलला कॉलेजात फक्त दोन क्लास, इंग्लिश आणि बहुतेक इकॉनॉमिक्स, जमलं तर विंटरला वाढवू. असोसिएट डिग्रीचा नाद सोडला. तिला थोडं वाईट वाटलं, पण ऑर्केस्ट्रा सुटणार नाही म्हटल्यावर कबूल झाली. रिलीज फॉर्म भरशील का विचारलं तर म्हणाली विचार करते!

बोथेलकर, शेवटचं विचारते, धाकटा आठवीत आहे. नववी-दहावीत त्याला काही घेता येतं का, की अकरावीपर्यंत थांबायचं?

बोथेलकर

रनिंग स्टार्ट अकरावीपासूनच. नववी-दहावीला 'कॉलेज इन द हायस्कूल' बघा, म्हणजे शाळेच्याच वर्गात, शाळेचेच शिक्षक, पण सिलॅबस आणि क्रेडिट युनिव्हर्सिटीचं. आधी त्याला फी लागायची, २०२३ च्या कायद्याने सरकारी कॉलेजांची फी गेली. प्रत्येक शाळेत नसतं आणि असलं तरी ठरावीक विषयांतच, त्यामुळे कोर्स कॅटलॉग बघा. क्रेडिटसाठी कॉलेजकडे वेगळं रजिस्ट्रेशन करावं लागतं, तारीख शिक्षक एकदाच सांगतात आणि मुलं घरी सांगत नाहीत. वर्ग करूनही रजिस्ट्रेशन राहिलं तर हायस्कूलचा ग्रेड मिळतो, कॉलेजचं क्रेडिट नाही. रजिस्ट्रेशन केलं तर तो ग्रेड कॉलेजच्या ट्रान्स्क्रिप्टवरही कायमचा येतो, तेव्हा स्टेथोस्कोपताईंनी वर लिहिलंय ते त्यालाही लागू.

आणि लेकीसाठी: इंग्लिश प्लेसमेंट (कोणत्या पातळीच्या क्लासला बसायचं ते ठरवणं) आत्ताच करून टाका, हायस्कूलच्या ट्रान्स्क्रिप्टवरही होतं बहुतेक ठिकाणी. ते झाल्याशिवाय ओरिएंटेशन मिळत नाही आणि ओरिएंटेशनशिवाय रजिस्ट्रेशन उघडत नाही. जूनमध्ये कौन्सेलर सुट्टीवर जातात, त्याआधी फॉर्मवर सही घेऊन ठेवा.